बंद खिडक्यांचा हॉल

नर्सबाईंनी खिडकीची खिट्टी वर केली, तशी मुकादमाने हात पुढे करून ती पुन्हा खाली सारली. फवारणी झाली की पाळी सुटेपर्यंत खिडक्या बंद, असं आरोग्य कार्यालयाचं पत्रकच आहे, म्हणाला. भिंतीवर चिकटवलेलं पत्रक त्याने बोटाने दाखवलंही.

शिवणकामाच्या त्या हॉलमध्ये चाळीस मशिनी होत्या आणि डोळे चुरचुरवणारा औषधाचा वास. तिसऱ्या रांगेत नर्सबाईंची धाकटी बहीण कॉलर शिवत होती. लहानपणापासून दम्याची. तिच्याच रांगेतल्या तिघी या आठवड्यात तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या, तरी ही बया रजा घ्यायला तयार नव्हती. ताई, एकदा मशीन दुसरीला दिली की गेलीच, एवढंच तिचं उत्तर.

साथ श्वासातून पसरते हे आता शेंबडं पोरही सांगेल. मग खिडक्या लावून घ्यायचं शहाणपण निघालं कुणाच्या डोक्यातून? यात नक्की कुठेतरी पाणी मुरतंय, असं नर्सबाईंना वाटायला लागलं. औषधाचे डबे पुरवणारा ठेकेदार आरोग्य कार्यालयातल्या साहेबांचा मेहुणा तर नसेल? त्या तडक कार्यालयात गेल्या. नोकरी त्याच खात्यातली, पण साहेबांसमोर खुर्ची ओढून बसायची ही पहिलीच वेळ.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ठेकेदार आपला कुणी लागत नाही, हेही न विचारता सांगितलं. त्यामुळे तर नर्सबाईंचा संशय आणखीच बळावला.

"पण याला आधार काय, साहेब? कुणी तपासलंय का?"

"तपासल्याशिवाय पत्रक काढतो का आम्ही? सहा कारखान्यांत चौदा-चौदा दिवस पाहणी झाली. सगळ्यात चांगला निकाल दोरखंडाच्या कारखान्याचा. हा बघा."

साहेबांनी फाइल पुढे सरकवली. फवारणी झाली, खिडक्या बंद, नवे रुग्ण नाहीत. अशा चौदा ओळी, एकाच पेनाने, एका दमात लिहिलेल्या. खाली सही नर्सबाईंची.

त्या पंधरवड्यात त्यांच्याकडे पाच वस्त्या होत्या. चालून चालून पायाला फोड आले होते. दोरखंडाच्या कारखान्यात त्या एकदाच गेल्या, तेही फाटकापर्यंत. तक्ता शेवटच्या दिवशी स्वयंपाकघरात बसून भरला. सगळेच भरतात. असले कागद वाचतो कोण, असं तेव्हा वाटलं होतं.

"बहिणीला म्हणावं, काळजी करू नको," साहेब म्हणाले.

नर्सबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नोकरी जाणार हेही लख्ख दिसलं. त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"साहेब, हे चौदाही दिवस मी घरी बसून लिहिलेत."

साहेब उठले, दार लोटून घेतलं आणि परत येऊन बसले.

"हे अजून कुणाला सांगितलंत?"

घड्याळात दोन वाजले होते. धाकटीची पाळी सहाला सुटायची.