ओ-ओची शीळ

किएलेनं बटण दाबलं आणि सभागृहातली चाळीस पोरं गप्प झाली. आधी नुसती खरखर, मग शीळ आली. तीन सूर, शेवटचा उंच चढलेला.

पहिल्या रांगेत लेइमोमीच्या हातातला घास हातातच राहिला. बहात्तर वर्षांच्या बाईला मानाची पाहुणी म्हणून बोलावलं होतं, गळ्यात हिरव्या पानांची माळ घातली होती. पोरं तिला तूतू म्हणत, म्हणजे आजी.

"हा आपल्या खोऱ्यातला ओ-ओ," किएले सांगत होती. "अंगानं काळा, मध्येच पिवळ्याधमक पिसांचे झुबके. त्या पिसांची आपल्या राजांची वस्त्रं व्हायची. एक्केचाळीस वर्षांपूर्वी हा आवाज टिपला, म्हणून आपल्या जंगलाची तोड थांबली. पक्षी गेला, पण त्याची शीळ आपण जाऊ द्यायची नाही. कळलं?"

पक्षी कसला, डोंबल. तो कामुएला होता. लेइमोमीचा भाऊ, या किएलेचा सख्खा आजोबा, जाऊन नऊ वर्षं झालेला. भावाची शीळ बहिणीला कळणार नाही तर कोणाला?

ती शीळ टिपली त्याच्याही आधी सहा वर्षं ओ-ओ कोणाला दिसला नव्हता की ऐकू आला नव्हता. यंत्रं घेऊन शहरातले विद्वान आले आणि म्हणाले, एक जरी पक्षी ऐकू आला तरी कुऱ्हाड थांबेल. त्यांचा वाटाड्या कामुएलाच. पाणी बघून येतो म्हणून तो पुढे गेला आणि झाडावर चढून बसला. संध्याकाळी घरी येऊन डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

"घाईत शेवट चुकला गं," तो म्हणाला होता. "खाली उतरायचा, तो वर गेला. त्या शहाण्यांना काय कळतंय म्हणा. पण तू कुठे बोलू नकोस."

ती बोलली नव्हती.

"खरा ओ-ओ ऐकलेलं माणूस खोऱ्यात आता एकच उरलंय," किएले तिच्याकडे वळली. "तूतू, आवाज बरोबर आहे ना गं?"

किएलेचा चेहरा आनंदानं फुलला होता. नाही म्हणावं, तर भाऊ मेल्यावर खोटारडा ठरणार, जंगलाची तोड थांबवणाऱ्या कागदाला कोणीतरी नख लावणार आणि या पोरीची मान खाली जाणार. हो म्हणावं, तर खरी शीळ आपल्याबरोबरच मातीत जाणार. लेइमोमीला भावाचा असा राग आला, की तो समोर असता तर तिनं त्याच्या थोबाडीत मारली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मिटून मिटून बोटं दुखतात हे कोण सांगतं?

"बरोबर आहे," ती म्हणाली.

मग पोरं एकेक करून उठली. सगळ्यांना पटापट जमत होतं, हुबेहूब कामुएला. शेवटी उलुलानी नावाची सात वर्षांची काटकुळी मुलगी उभी राहिली. पुढचे दोन दात पडलेले. तिनं दोन सूर नीट लावले, पण तिसऱ्याला दम पुरला नाही. तो हळूच खाली घसरत गेला आणि विरला.

लेइमोमी उठून उभी राहिली. सत्तेचाळीस वर्षांनी तिनं ओ-ओ ऐकला होता.

"ओ-ओला झोप आली वाटतं," मागून एक कार्टं म्हणालं आणि सगळे हसले.

"हसू नका रे," किएले म्हणाली. "उलु, शेवट वर न्यायचा. थांब, तूतूच दाखवेल. सांग ना गं हिला."

मुलगी रडवेली होऊन बघत होती.

"पुन्हा कर," लेइमोमी म्हणाली.

मुलीनं पुन्हा केलं. सूर पुन्हा तसाच उतरला. लेइमोमीनं डोळे मिटून तो अगदी संपेपर्यंत ऐकला.

"वर ने बाळा," ती म्हणाली. "शेवट वर."

तिसऱ्या खेपेला मुलीला जमलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.