ही प्रत अस्सल नसावी

निकेशनं आमच्या जुन्या कॉम्प्युटरला नवी डिस्क बसवून दिली आणि दुसऱ्या दिवसापासून पडद्यावर एक पाटी यायला लागली. ‘ही प्रत अस्सल नसावी. सक्रिय करा.’ फुलीवर दाबलं की जायची, चहा ओतून यावं तर परत हजर. मी तिला हाकलून शिकवणीच्या प्रश्नपत्रिका टाईप करायची. पण एकदा ती बाबांच्या नजरेला पडली.

बाबांची सगळी नोकरी लोकांचे दाखले खरे की खोटे ते तपासण्यात गेली. नोकरी संपली, तपासणं काही संपलं नाही. दूधवाला, भाजीवाला, कोणी सुटत नाही.

“अस्सल नाई म्हून राह्यला तो,” बाबा पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले. “बसवलं कोणं?”

“निकेशनं.”

“तं मंग.”

निकेश म्हणजे कोणी दुकानदार नव्हे. तो आंजी गावचा, सावंगीत एका लॅबमधले कॉम्प्युटर सांभाळतो, आणि येत्या रविवारी आमचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं होतं. मला तो मनापासून आवडला होता. मी लगेच त्याला फोन लावला. तो म्हणाला, “डिस्क बदलली का तसं होते. आता कामात आहो, रविवारी आलो का करून देतो.”

हे बाबांना सांगितलं, तिथं चुकलंच माझं.

“रविवारीच काऊन? साक्षगंध झाल्यावरच काऊन?” बाबा खुर्ची ओढून बसले. “जो सासऱ्याच्या घरात नकली माल बसवते, त्याची डिग्री अस्सल कायवरून? नोकरी तरी हाय का?”

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “त्याचं घर पाह्यलं, जेवून आले ना तुमी.”

“जेवण अस्सल होतं,” बाबा म्हणाले.

त्या दिवसापासून कॉम्प्युटरवर दुपट्टा पडला. बाबा त्या खोलीत कुजबुजत बोलायला लागले, म्हणे आवाज त्यातून निकेशकडे जात असेल. मी आधी हसले, मग चिडले. आणि खरं सांगते, त्या दुपट्ट्याकडे बघून बघून मलाही धाकधूक व्हायला लागली. निकेशनं फोन उशिरा उचलला की वाटायचं, कोणाजवळ बसला असेल? संशय खोकल्यासारखा असतो, एकाला झाला की घरभर होतो.

गुरुवारी बाबा बँकेत जातो म्हणून निघाले आणि दुपारी अगदी खुशीत परतले.

“सावंगीले गेलतो,” ते चपला काढता काढता म्हणाले. “हाय पोरगा तिथं. गेटवरच्याले विचारलं, चहावाल्याले विचारलं, साहेबालेही भेटलो. नोकरी पक्की हाय. पीत नाई.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. “तुमी कोण म्हून सांगतलं?”

“नाव कायले सांगू? या पोराची चौकशी हाय म्हटलं, बस.”

संध्याकाळी निकेश न कळवता आला. तो माझ्याकडे न बघता सरळ कॉम्प्युटरकडे गेला. दुपट्टा बाजूला ठेवला, डबा फिरवून मागची धूळ पुसली, तर तिथं कंपनीचा एक जुना स्टिकर. “काका, नंबर वाचा,” तो म्हणाला. बाबा चष्मा लावून एकेक अक्षर वाचत गेले, निकेश टाकत गेला. पाटी गेली.

“माल तुमचाच होता, अस्सल. डिस्क बदलली म्हून तो पुन्हा वळख मांगत होता,” निकेश उभा राहत म्हणाला. “काका, तुमचा चेहरा चहावाल्यानं मले बरोबर सांगतला. ऑफिसात सगळे विचारून राह्यले, तुह्यी काय भानगड हाय? साहेबानं माह्ये सगळे कागद मांगवले. मले फोन केला असता तं मीच आणून दाखवले असते.”

बाबा म्हणाले, “पोरीचा बाप हाय मी. एवढं तं पाहाच लागते.”

“व्हय. पण गोष्ट आंजीपर्यंत गेली. रविवारचं थांबवा म्हणते माही आई.”

“अन् तू?” मी विचारलं.

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “मले समजून नाई राह्यलं, जागृती.” एवढं बोलून तो गेला. गाडीचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला. मला रडू येत होतं आणि रडण्याचाही राग येत होता.

बाबांनी पुढे वाकून पाटी खरंच गेली का ते बघितलं. मला वाटलं, आता चुकलं म्हणतील.

“पाह्यलं?” ते हळूच म्हणाले. “साक्षगंध तोंडावर आलं तं मांगं सरला. मी म्हनत नवतो, काईतरी हाय म्हून?”

आईनं कपाळावर हात मारला. मी गाडीची किल्ली आणि ओढणी घेतली. आंजीला जाऊन त्याच्या आईसमोर बसायचं, काय विचारायचं ते मलाच विचारा म्हणायचं, एवढंच डोक्यात होतं.

“कुठी चालली?” बाबा दारापर्यंत आले. “जागृती, कोणाकडं चालली?”

“चौकशी करा,” मी म्हटलं. “समजन.”