पुहारच्या आडाची खोटी साक्ष

मी आड बोलतोय. बोलायला फार उशीर झालाय, हे मलाही कळतं. बोलायला हवं होतं तेव्हा मी नुसतं पाणी दिलं, आणि तिथेच घात झाला.

कावेरी समुद्राला मिळते तिथे आमचं पुहार बंदर होतं. किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गल्लीत, वाळूत खड्डा खणून, भाजक्या मातीची तेरा कडी एकावर एक रचून मला बांधलं. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी माझं पाणी गोड. त्याचा मला भारी तोरा होता. रोमहून आलेल्या गलबतांवरचे यवन दारू बाजूला ठेवून माझं पाणी मागतात, असं गल्लीतल्या बायका सांगत. खरंखोटं त्याच जाणोत.

पाण्यापेक्षा सासवांच्या चुगल्याच माझ्या काठावर जास्त उपसल्या जात. सर्वांत जास्त घडे नागैचे. ती मासळी धुवायची आणि गल्लीत तिच्या शब्दापुढे कुणी जात नसे. सर्वांत कमी पाणी कोट्रीचं. ती मीठवाली, एकटी. बैलगाडीतून दारोदार मीठ देऊन भात घ्यायची आणि रिकामी पोती माझ्या काठावर धुवायची.

एका उन्हाळ्यात माझं पाणी संध्याकाळी खारट लागू लागलं.

"कोट्रे, तुझी पोती ने दुसरीकडे!" नागै कडाडली. "पेजेत मीठ घालायची सोय राहिली नाही. सून म्हणते, आत्याबाई, तेवढंच मीठ वाचलं!"

बायका हसल्या. कोट्रीनं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, घोळवलं आणि थुंकलं. तिचा चेहरा उतरला.

"अक्का, हे माझं मीठ नव्हे. आगरातलं मीठ नुसतं खारं लागतं. हे कडू आहे. कच्चा समुद्र खालून शिरलाय, उद्या वरूनही येईल. पोराबाळांना घेऊन वरच्या गावी चला."

"ऐका! घाण हिची आणि नाव समुद्राचं!"

करवत माशाचं हाड वाळूत रोवून ही माणसं समुद्राला पुजायची. देवावरच आळ घेतलेला कोण ऐकून घेणार?

गल्लीचा पुढारी अंदुवन, म्हातारा, भला माणूस. त्यानं परीक्षा ठरवली. तीन दिवस कुणी पाणी काढायचं नाही आणि कोट्रीनं इकडे फिरकायचं नाही.

गोडं पाणी हलकं असतं. उपसा थांबला की ते वर येतं आणि खारं तळाशी बसतं. माझी खालची चार कडी समुद्रानं भरली होती, पण सांगू कसं? चौथ्या सकाळी अंदुवननं वरवरचं पाणी काढलं आणि प्यायला. गोड निघालं.

"पोहरा खोल सोडा, अप्पा! तळाचं काढा!" कोट्री कळवळून म्हणाली.

"पुरे, पोरी. आता तुझी गाडी जुंप," अंदुवन म्हणाला.

जाताना ती नागैच्या दारात थांबली. "मला घालवा, अक्का. पण सुनेचे दिवस भरत आलेत. तिला तरी पाठवा माझ्याबरोबर."

"मिठाच्या गाडीत? जा गं बाई!"

महिन्याभरात मी पुन्हा खारट झालो. बाजारापलीकडचे आडही झाले, जिथे कोट्रीचं पाऊल कधी पडलं नव्हतं. एका दुपारी नागैनं पोहरा तळापर्यंत सोडला आणि चव घेतली. पोहरा टाकून ती काठावर बसली. मला वाटलं, आता उठेल आणि गल्ली गोळा करेल. तिनं तोंड पुसलं आणि सुनेला म्हणाली, "काही नाही गं. पाऊस लांबला की पाणी असंच लागतं." मला तिचा राग आला, पण मी कुठल्या तोंडानं रागावणार?

कार्तिकात भरदुपारी समुद्र गल्लीत आला. अंदुवन गेला, नागै गेली. सूनही गेली, तिच्या कडेवर पाच महिन्यांचं बाळ होतं.

हल्ली पाणबुडे येतात आणि माझी उरलेली नऊ कडी मोजतात. तेही म्हणत असतील, बिचाऱ्यांना आधी काही कळलंच नसेल. कळलं होतं हो. एका बाईनं चव घेऊन सांगितलं होतं, आणि माझ्याच गोड पाण्याचा पुरावा दाखवून तिला हाकललं. ती पुढे कुठे गेली, जगली की नाही, मला ठाऊक नाही. पुहार कसं बुडालं ते लिहाल तेव्हा एवढं जरूर लिहा: कोट्रीनं माझ्यात मीठ टाकलं नव्हतं.