पाच मशिनं, एक काळूराम

नम्रता मॅडम गोड बोलायला लागल्या तेव्हाच काळूरामच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मुरबाडच्या या कारखान्यात गोड बोलणं कशाची सुरुवात असते, ते त्याने पाहिलं होतं. टेलिफोन बोर्डावरच्या बाईजाला आधी पेढे दिले, मग आपोआप फोन जोडणारं यंत्र बसवलं, आणि मग शाल-नारळ देऊन घरी पाठवलं.

काळूराम कारखान्याचे पाच सर्व्हर सांभाळायचा. स्टोअर, अकाउंट, डिस्पॅच, क्वालिटी आणि पगार काढणारं टाइम ऑफिस. ज्याचं त्याचं मशीन वेगळं. २००८ साली हेड ऑफिसने ठरवलं, पाचही एकाच मोठ्या मशीनच्या पोटात घालायची. सॉफ्टवेअर असं, की प्रत्येक खात्याला वाटावं आपलं बिऱ्हाड स्वतंत्रच आहे. ते निवडायला नम्रताला धाडलं. मुलगी जवळच्याच वाशिंदची, म्हणजे घरचीच. काळूरामला त्याचाच जास्त धसका. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ!

निवड दोन सॉफ्टवेअरमधून होती. एक मुंबईच्या कंपनीचं, महागडं. दुसरं फुकट मिळणारं, आणि नम्रताचा जीव त्या फुकटच्यावर. जी कंपनी सॉफ्टवेअरला पैसे देणार नाही, ती माझा पगार कशाला देईल, असं काळूरामचं गणित. हिची चाचणी फसली की सगळंच बारगळेल, असा त्याने डाव मांडला.

"काळूदादा, टाइम ऑफिसच्या मशीनला मागे काही लावलेलं असतं का हो?" चाचणीच्या सकाळी तिने विचारलं.

"काय नाय मॅडम. करंटची वायर तेवढी."

साफ खोटं. पगाराचं सॉफ्टवेअर डोंगलवर चालायचं. बोटभर किल्ली ती, मशीनच्या मागे खोचलेली असली तरच ते उघडायचं. काळूरामने ती आधीच काढून खिशात घातली होती.

मॅनेजर साहेबांसमोर चार खात्यांचं काम नव्या मशीनवर सुरळीत चाललं. पगार मात्र 'लायसन्स नाही' म्हणून अडून बसला. नम्रता पुन्हा पुन्हा तेच उघडून पाहू लागली. तेवढ्यात काळूरामने टाइम ऑफिसात जाऊन किल्ली परत लावली आणि हाक मारली, "साहेब, जुन्यावर चालतंय की!"

"मग फुकटचं नकोच," साहेब म्हणाले. "मुंबईवाल्यांना बोलवा. पगाराचं नवं सॉफ्टवेअरही ते देतात."

हे काळूरामच्या हिशेबात नव्हतं.

कँटीनमध्ये नम्रता त्याच्यासमोर येऊन बसली. "आता तुमचं कसं हो, काळूदादा?"

"माझं काय?"

"मुंबईवाले सगळं त्यांच्या ऑफिसातूनच चालवतात. इथे माणूस लागत नाही. फुकटच्यामागे कंपनी नसते, म्हणून सांभाळणारा इथलाच हवा. मी भांडून सुचवलेलं तुमचं नाव साहेबांनी मान्य केलं होतं. पुण्याला ट्रेनिंगला धाडणार होते."

ज्या पोरीवर महिनाभर जळत होता, तीच एकटी त्याच्यासाठी भांडत होती. त्याला स्वतःची लाज वाटली आणि भीतीही.

"मॅडम, मागं किल्ली असते. मीच काढली व्हती. साहेबांना सांगा ना. अजून टाइम हाय."

नम्रताने चहा बाजूला सारला.

"सांगते. सॉफ्टवेअर वाचेल," ती म्हणाली. "पण सांभाळायला तुमचंच नाव आता कोणत्या तोंडाने देऊ?"