आटलेली आमटी

परीक्षानळीतला रंग आधी अबोलीच्या पाकळीइतका फिका होता. मग हळूहळू डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल झाला. सिद्धेश्वरीने नळी उन्हात धरली. बोअरच्या या पाण्यात नायट्रेट होतं, गेल्या वर्षीपेक्षा जास्तच. चव नाही, वास नाही, आणि पाणी तर काचेसारखं नितळ.

तिच्या प्रयोगशाळेने पालिकेला दोनदा अहवाल पाठवला होता. "आपण तपासायचं, बोलायचं वरच्यांनी," असं प्रयोगशाळेचे साहेब म्हणत, आणि तिलाही ते सोयीचं वाटे. आज भवानी पेठेतल्या त्याच बोअरवर नवी टाकी बसली होती. झेंडूच्या माळा, माइक, जमलेल्या बायका, आणि नगरसेवक रुद्रप्पा.

"मॅडम, दोनच शब्द बोला," रुद्रप्पा हसत म्हणाले. "पाणी चांगलं हाय, एवढंच. लोकांचा तुमच्यावर इश्वास हाय की."

"अण्णा, अहवाल वाचलात का?"

"आवो, तुमचं ते इंग्लिश, ते आकडे! मला काय कळतंय त्यातलं?"

हे मात्र खरं होतं.

तेवढ्यात समोरच्या घरातली गौरम्मा तान्ह्या नातीला घेऊन आली. तिने लाल नळीकडे पाहिलं. "सरबत केलंय का मॅडम?"

"सरबत नाही हो. बाळाला हेच पाणी देता?"

"व्हय की. भिंतीवर तुमचाच बोर्ड हाय न्हवं, पाणी उकळून प्या म्हणून? पावडरच्या दुधाला मी लई उकळते. निम्मं होईस्तोवर!" गौरम्माच्या चेहऱ्यावर केवढा अभिमान.

 सिद्धेश्वरीने बाळाची इवली नखं निरखली. गुलाबी होती.

"गौरम्मा, आमटी आटली तर मीठ उडून जातं?"

"उडतंय कुटलं! लई खारट हुतीय की."

"हे पाणी तसंच. उकळून जंतू मरतात, पण यातलं नायट्रेट मिठासारखं मागे राहतं. आटवलं की आणखी वाढतं. तान्ह्या बाळाचं अंग त्यानं निळं पडू शकतं."

"आगं बया! मग इतके दिस कुणी सांगितलं का न्हाय?"

सिद्धेश्वरीने भिंतीवरच्या बोर्डाकडे पाहिलं.

"मॅडम, आज उद्घाटन हाय," रुद्रप्पा हळूच म्हणाले. "हे नंतर बगू की."

"टाकी झकास आहे, अण्णा. टँकरच्या पाण्यानं भरा, पहिला हार मी घालते."

बायका खदखदून हसल्या. रुद्रप्पांनी कपाळ पुसलं आणि माइक पुढे केला.

साहेबांचा चेहरा क्षणभर तिच्या डोळ्यांपुढे आला.

"बोअरच्या पाण्यानं भांडी घासा, अंगण धुवा," ती म्हणाली. "पण ते पिऊ नका. उकळूनसुद्धा नको. हे मी सांगतेय."