खडीसाखरेच्या डबीतला जोड

मी एक जुना, मोडका जोड आहे. मित्रांनो, जोड म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण गाडीत बसणाऱ्या शंभर माणसांतल्या एकालाही माझं नाव ठाऊक नसतं. मोठ्या जीपगाडीच्या इंजिनातलं गरम पाणी दोन रबरी नळ्यांतून हीटरकडे जातं आणि परत येतं. नळी जिथे हीटरला मिळते तिथे काळ्या प्लास्टिकचा बोटभर तुकडा असतो. तो मी. माझा एक जुळा भाऊही होता. तो पाणी आत पाठवायचा, मी परत आणायचो. आता मी तंजावरात एका पितळी डबीत पडून आहे. या घरातली एक बाई वर्षभर मला आपला गेलेला नवरा समजत होती. ही गोष्ट तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. मी स्वतःच अजून तिला घाबरतो.

माझा जन्म कारखान्यातल्या साच्यात झाला. तेव्हा देशात नव्या नव्या गाड्या नुकत्याच दिसू लागल्या होत्या. आमची गाडी आधी निलगिरीतल्या एका चहामळ्यावर गेली. तिथे थंडी होती, सकाळपासून हीटर चालायचा, आणि आत बसणारे म्हणायचे, "काय छान ऊब आहे!" कौतुक हीटरचं व्हायचं, पण आम्हा भावांनाही बरं वाटायचं. मग सत्त्याण्णव साली ती गाडी बाळकृष्णरावांनी घेतली. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. घरी तीनशे वर्षांपूर्वीची मराठी, दाराबाहेर तमिळ. शेजारचे भीमसेनराव गाडी बघायला आले आणि हसतच सुटले.

"तंजाऊरांत हीटर? घाम कमी पडतो काय तुम्हांस?"

"असूं दे की," बाळकृष्णराव म्हणाले. "लागेल एक दिवस."

कशासाठी लागेल ते त्यांनी सांगितलं नाही. पण दर रविवारी बॉनेट उघडून ते आम्हा दोघांना अंगठ्याने दाबून बघत. खोकल्यासाठी त्यांच्या खिशात पितळी डबीत ताडाची खडीसाखर असे. तिचा गोड, उबदार वास त्यांच्या आधी पोचायचा. गाडीत त्यांच्या शेजारच्या सीटवर त्यांची बायको कनकलताबाई बसायची. तिरुवैयारूचा पूल आला की ते न बोलता एक खडा तिच्या हातावर ठेवत.

नव्याण्णवच्या ऑगस्टमध्ये ते ओसरीवर पेपर वाचता वाचता कलंडले ते उठलेच नाहीत. त्यानंतर मला अंगठा लागला नाही. दहा वर्षांच्या उष्णतेने माझं अंग ठिसूळ झालं होतं. पुढच्या उन्हाळ्यात मला केसाएवढी चीर गेली. इंजिनाच्या पाण्यात थंडाव्यासाठी हिरवं औषध घालतात, त्याच्या वाफेला गोड वास असतो. ते पाणी थेंब थेंब तापल्या लोखंडावर पडायचं आणि त्याची वाफ वाऱ्याच्या झडपांतून आत शिरायची.

एका सकाळी बाळकृष्णरावांचा मुलगा वेंकटेश गाडी चालू करून चहा घ्यायला घरात गेला. कनकलताबाई सहज येऊन आपल्या जागेवर बसली. समोरची काच आतून धुरकटली. वास आला. ती दचकली, पदर तोंडाशी धरला, आणि अगदी हळू म्हणाली, "आलांत?"

मित्रांनो, त्या एका शब्दाने मी हादरलो. मला ओरडून सांगायचं होतं की मी ते नव्हे, मी प्लास्टिकचा तुकडा आहे, फुटलोय. पण आम्हाला वाचा कुठली?

मग वेंकटेशने सकाळी गाडी चालू केली की ती रोज येऊ लागली. अर्धा अर्धा तास बसे. गुडघा दुखतो, मोगरा सुकला, वेंकटेशची बदली टळली, सगळं सांगे. सहा वर्षांच्या नातीला, नंदिताला, तिने सांगून ठेवलं होतं, "गाडींत ताता आहेत." ताता म्हणजे आजोबा. खरं सांगतो, मला ते आवडू लागलं. ज्याला कुणी कधी हाक मारली नव्हती त्याला रोज सकाळी 'अहो' मिळत होतं. आणि त्याच वेळी अंगावर काटा यायचा, कारण मी जितका तिच्याजवळ येत होतो तितका फुटत होतो.

पाणी कमी होतंय हे वेंकटेशला दिसत होतं. तो दर आठवड्याला वडिलांनी आणून ठेवलेल्या हिरव्या औषधाच्या डब्यातून भर घालायचा. रेडिएटर बघितला, मोठ्या नळ्या बघितल्या, पंप बघितला. हीटरकडे कुणाचीही नजर गेली नाही. तंजावरात हीटर आठवतो कुणाला? मेकॅनिककडे नेतो म्हणाला तर आई म्हणे, "त्यांच्या गाडीस कोणीं हात लावायचा नाहीं."

दोन हजार एकच्या मे महिन्यात सगळे पापनाशमला लग्नाला निघाले. नंदिता आजीच्या मांडीवर होती. भर दुपार, रस्ता तापलेला. गाव दिसू लागलं आणि मी उभा फाटलो. उकळत्या पाण्याची वाफ खालच्या झडपेतून थेट त्या पोरीच्या पायावर गेली. ती किंचाळली. वेंकटेशने गाडी थांबवून तिला बाहेर घेतलं. पाऊल लालभडक झालं होतं. तिने हुंदके देत आजीला विचारलं, "ताता रागावले काय मजवर?"

कनकलताबाईने फडकं ओलं करून तिच्या पायाला गुंडाळलं.

बसस्टँडजवळच्या गॅरेजातून पक्किरिसामी मेकॅनिक आला. त्याने बॉनेट उघडलं आणि थेट माझ्यावर बोट ठेवलं. "हीटरचा जोड फुटलाय," तो तमिळमध्ये म्हणाला. "दुसराही फुटायला आलाय. काढून टाकतो आणि नळी सरळ जोडून देतो. आपल्याकडे हीटर कशाला?"

"नको," कनकलताबाई म्हणाली. "काढूं नका."

"अम्मा, इंजिन जाईल," वेंकटेश म्हणाला.

"इंजिन जाऊं दे. हा काढलांत तर ते जातील."

आई रोज सकाळी कुणाजवळ बसत होती ते वेंकटेशला तेव्हा कळलं. त्याने पक्किरिसामीला जरा थांबायची खूण केली.

पक्किरिसामी गाडी निरखून बघत होता. "ही कालव्याच्या इंजिनिअरसाहेबांची ना? त्यांनी माझ्याकडून पितळेचे दोन जोड नेले होते. बसवले नाहीत?"

सीटखालची हत्यारांची पेटी काढली. तळाशी वर्तमानपत्राची पुडी होती. आत दोन पितळी जोड आणि एक चिठ्ठी. अक्षरं तमिळ, पण शब्द घरच्या मराठीतले. वेंकटेशने मोठ्याने वाचलं: "कोडैस जायच्या अगोदर बदलणें. कनकास थंडी सोसत नाहीं."

मित्रांनो, कोडैकानलचे डोंगर बघायची कनकलताबाईला चाळीस वर्षं हौस होती आणि थंडीची तितकीच भीती. ती हीटरवाली गाडी तिच्यासाठीच होती. तिने चिठ्ठी हातात घेऊन स्वतः दोनदा वाचली. मग नंदिताच्या ओल्या फडक्यातल्या पायावर हात ठेवला, आणि पितळी जोड आपल्या हाताने पक्किरिसामीला दिले.

त्याने सुरीने नळी कापून आम्हाला उपटलं. भाऊ तिथेच मातीत पडला. मला तिने मागून घेतलं, पदराने पुसलं आणि त्यांच्या खडीसाखरेच्या डबीत ठेवलं.

दुसऱ्या सकाळी ती डबी घेऊन गाडीत बसली. इंजिन चालू झालं. काच स्वच्छ राहिली. वास आला नाही. ती अर्धा तास वाट बघत राहिली आणि मी तिच्या मुठीत असून काही करू शकलो नाही. इतकी भीती मला फाटतानाही वाटली नव्हती. शेवटी ती उतरली आणि वेंकटेशला म्हणाली, "कोडैस कधीं जायचें?"

नंदिताचा पाय बरा झाल्यावर ते गेले; माझी डबी कनकलताबाईच्या मांडीवर होती. घाट चढताना धुकं लागलं. शालीत गुरफटलेली कनकलताबाई कुडकुडू लागली. तिने स्वतः हीटरचा दांडा ओढला. गरम वारा पायांवर आला, नुसता वारा, कसलाही वास नसलेला. ती रडली. रडता रडता समोर बघून म्हणाली, "पोंचली हो ऊब."

ती माझ्याशी बोलत नव्हती. ते मला कळलं, आणि बरंही वाटलं.

मित्रांनो, गाडीत गोड वास आला तर बॉनेट उघडा, आणि ज्या भागाचं काम पडत नाही असं तुम्हाला वाटतं तोही तपासा. पण माझं मागणं एवढंच नाही. वेंकटेशने वर्षभर दर आठवड्याला गाडीत पाणी घातलं, पण आई रोज तिथे एकटी का बसते, हे एकदाही विचारलं नाही. तुमच्या घरात कुणी असं बसत असेल, तर आधी त्यांच्याशेजारी जाऊन बसा.