पिवळी पाटी न लागलेला गुरुवार

मी एक जुना आकड्यांचा फलक आहे. सध्या एका गोदामात भिंतीकडे तोंड करून उभा आहे, वर्गात शिक्षा झालेल्या मुलासारखा. मित्रांनो, इथे मला काही काम नाही, तरी माझी चुळबुळ काही थांबत नाही. दार उघडले, वारा आत आला की माझ्या पत्र्याच्या पाट्या खुळखुळतात आणि मला वाटते, आज गुरुवार तर नाही ना?

एका पत्रेवाल्याने आणि एका रंगाऱ्याने मिळून मला घडवले. लोखंडी चौकट, खिळ्यांच्या दोन ओळी आणि शून्य ते नऊ अशा शंभरेक पाट्या. रंगारी तंद्रीत असावा. त्याने साताच्या पाट्या ढीगभर रंगवल्या आणि तिनाच्या मोजून चार! पुढे पाचवा तीन लागला की कोऱ्या पाटीवर खडूने लिहावा लागे.

मला सरकारी रोखे कचेरीच्या मोठ्या दालनात टांगले. वरच्या ओळीवर लिहिले होते ‘परदेशी हाती : रोखे’ आणि खालच्या ओळीवर ‘परदेशी हाती : शेअर’. देशाला पैसे लागले की देश रोखे विकतो. ‘आज पैसे द्या, इतक्या वर्षांनी परत देईन, तोवर व्याज घ्या,’ असा तो लेखी शब्द असतो. शेअर म्हणजे एखाद्या कंपनीतला वाटा. हे दोन्ही आपले लोक घेतात, तसे परदेशी लोकही घेतात. त्यांच्याकडे किती आहे, ते मी दर गुरुवारी सकाळी दहा वाजता सांगत असे. बातमीदार माझे फोटो काढत आणि मी फुशारून जाई. पण स्वस्थता कसली ती नाही. आकडा वर गेला की लोक हसत. खाली आला की माझ्याकडे असे बघत, जणू पैसे मीच पळवले. एका आकड्यावर मी कधी दोन आठवडे सुखाने बसलो नाही.

पाट्या बदलायचे काम मोजणीबाईंचे. परदेशी लोकांचे रोखे इथल्याच बँका सांभाळत. दर बुधवारी त्या आपापला आकडा कळवत आणि बाई बेरीज करत. पण कधीकधी एखादा परदेशी मालक आपले रोखे एका बँकेतून काढून दुसरीकडे ठेवी. जुनी बँक लगेच आकडा वजा करी, नवी मात्र सावकाश जमा करी. रोखे विकलेले नसत, फक्त वाटेत असत. अशा वेळी बाई माझ्या कडेला एक छोटी पिवळी पाटी टांगत. तिच्यावर एकच शब्द होता, ‘वाटेत’. ती पाटी दिसली की कोणी घाबरत नसे.

दालनात दर गुरुवारी एक निवृत्त लिफ्टमिस्त्री यायचे. त्यांनी आयुष्यभराची पुंजी रोख्यांत ठेवली होती. आठ महिन्यांनी मुदत भरली की ते पैसे मुलीला द्यायचे होते. मुलगी भाड्याच्या गाळ्यात शिलाई मशिने दुरुस्त करायची आणि मालक तो गाळा विकायला निघाला होता. मिस्त्रींच्या शब्दावर तो आठ महिने थांबायला तयार झाला होता.

एका गुरुवारी सकाळी बाई शिडीवर चढल्या, ती पिवळी पाटी हातात घेऊनच. एक मोठी परदेशी गुंतवणूक संस्था बँक बदलत होती. तेवढ्यात कचेरीचे साहेब आले.

“पत्र आलंय का नव्या बँकेचं?”

“नाही साहेब. फोन केला होता. सोमवारी देतो म्हणाले.”

“मग पाटी नाही. लेखी नाही ते लावायचं नाही. आणि दहा वाजले, आकडा लावा.”

बाईंनी पिवळी पाटी पदराखाली धरली आणि माझ्या वरच्या ओळीतल्या तीन पाट्या बदलल्या. आकडा धाडकन खाली आला.

“पळाले की हो परदेशी!” एक बातमीदार ओरडला आणि फोनकडे धावला. मेंढरामागे मेंढरू, तशी माणसे आपले रोखे विकायला दालनातल्या विक्रीच्या खिडकीपाशी लोटली. भाव घसरू लागला. मिस्त्री माझ्यासमोर उभे होते. त्यांच्या तोंडचे पाणी पळाले होते. बाई शिडीखाली, त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर होत्या. मी पाट्या वाजवायचा फार प्रयत्न केला, मित्रांनो, पण वारा नव्हता. मिस्त्री रांगेत जाऊन उभे राहिले.

सोमवारी पत्र आले. बाईंनी तीनही जुन्या पाट्या परत लावल्या आणि आकडा पूर्वीइतका झाला. मिस्त्री विक्रीचे पैसे न्यायला आले होते. पडलेल्या भावाने विकल्यामुळे रक्कम गाळ्याच्या किमतीला पुरणार नव्हती. त्यांनी वर बघितले आणि बराच वेळ आकडा वाचत राहिले.

“बाई, गुरुवारी मी तुम्हाला विचारलं असतं, तर सांगितलं असतं?”

“हो. सांगितलं असतं.”

“मग चूक माझीच. मी विचारलं नाही.”

“नाही हो दादा,” बाई म्हणाल्या, “तुम्ही समोर उभे होता. मला दिसत होतं.”

गाळा दुसऱ्याने घेतला. मुलगी आता हत्यारांची पिशवी घेऊन घरोघर फिरते, असे बाईंनीच एकदा कुणाला तरी सांगितले. पुढे नियम बदलला, फोनवर कळले तरी पाटी लावायची असे ठरले. बैल गेला आणि झोपा केला! काही वर्षांनी माझ्या जागी झगमगता पडदा आला. त्याचा आकडा तर दर मिनिटाला हलतो म्हणे.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. असा आकडा घसरलेला दिसला तर लगेच पळू नका. ज्याला कारण ठाऊक आहे असा कोणीतरी जवळच असतो, त्याला विचारा. आणि ते ठाऊक असणारे तुम्ही असाल, तर कोणी विचारायची वाट पाहू नका.